बारा कंटेनर, चाळीस वर्षे

१ जानेवारी २०२५ ची रात्र. सारा देश एकमेकांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा देण्यात गुंतला होता. त्या रात्री भोपाळमधल्या एका बंद कारखान्याच्या फाटकातून बारा कंटेनर एकामागोमाग बाहेर पडले. सोबत पोलिसांच्या गाड्या, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाचे बंब. वाटेतली वाहतूक थांबवून ठेवलेली. हा ताफा निघाला होता सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या पीथमपूरला, म्हणजे इंदूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत. कंटेनरमध्ये होता युनियन कार्बाइडच्या कारखान्यातला सुमारे ३३७ टन विषारी कचरा.

हे अडीचशे किलोमीटर तोडायला एक रात्र पुरली. फाटकाबाहेर पडायला मात्र चाळीस वर्षे लागली. ती का लागली, या एका प्रश्नाच्या मागे गेलो की घातक रसायने सांभाळायला आपला देश कसा शिकला, किती शिकला आणि कुठे अडला, याचा इतिहासच हाती लागतो. तो इतिहास आज थोडक्यात सांगायचा आहे.

शेजाऱ्याला न सांगितलेली गोष्ट

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये काय झाले, ते आपण सारे जाणतो. मिथाइल आयसोसायनेट हे कीटकनाशक बनवताना लागणारे द्रव रसायन ६१० क्रमांकाच्या टाकीत साठवलेले होते. टाकीत पाणी शिरले, आतली उष्णता आणि दाब वाढत गेला आणि सुमारे चाळीस टन विष वायुरूपाने शहरावर पसरले. हे रसायन थंड ठेवण्याची यंत्रणा काही महिने आधीच बंद केलेली होती. वायू निघालाच तर तो जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. वायू धुऊन काढणारे यंत्रही त्या रात्री उपयोगी पडले नाही. सरकारने सुरुवातीला मृतांचा आकडा २२५९ सांगितला, पुढे तो ३७८७ वर गेला. बाधितांची संख्या साडेपाच लाखांवर असल्याचे राज्य सरकारनेच २००६ मध्ये न्यायालयात सांगितले.

यंत्रे बंद होती हे खरे. पण त्या रात्री आणखी एक गोष्ट नव्हती. ती यंत्रांपेक्षा कितीतरी स्वस्त होती. ती म्हणजे माहिती.

कारखान्याच्या भिंतीला लागून वस्ती होती. तिथल्या माणसांना आत काय शिजते, हे कुणी सांगितले नव्हते. तोंडावर ओले फडके धरा, वाऱ्याच्या दिशेने पळू नका, आडवे पळा, एवढी दोन वाक्ये माहीत असती तरी कित्येक जीव वाचले असते. वस्तीसाठी बसवलेला भोंगा थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला आणि पुन्हा वाजला तेव्हा वायू घराघरांत शिरला होता. पहाटे हमीदिया रुग्णालयात माणसांची रीघ लागली, तेव्हा समोरच्या रुग्णाच्या फुप्फुसात नेमके काय गेले आहे, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. जिल्ह्याच्या प्रशासनाकडे अशा प्रसंगासाठी आराखडा नव्हता, कारण असा आराखडा असावा असे कुठल्याच कायद्यात लिहिलेले नव्हते. राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकाराने १९८२ पासून धोक्याचे इशारे छापले होते. ते वाचून विचारणा करणे कुणाचे काम आहे, हेच ठरलेले नव्हते.

आता याच्या अगदी उलट चित्र दोन आठवड्यांत दिसले. कारखान्यात आणखी काही टन मिथाइल आयसोसायनेट शिल्लक होते. ते तसेच ठेवणे धोक्याचे होते. डॉ. एस. वरदराजन यांच्या नेतृत्वाखालच्या शास्त्रज्ञांनी ठरवले, की कारखाना पुन्हा चालवायचा आणि उरलेल्या रसायनाचे कीटकनाशक बनवून ते संपवायचे. १६ डिसेंबर १९८४ ला हे काम सुरू झाले. ‘ऑपरेशन फेथ’ असे त्याचे नाव. लोकांना आधी दिवस सांगितला. कारखान्याभोवती ओले कापड लावले. वर हेलिकॉप्टर पाणी शिंपडत होते. काम निर्धोक पार पडले. पण नाव विश्वासाचे आणि शहर मात्र रिकामे! लाखो माणसे गाठोडी बांधून आधीच निघून गेली होती. एकदा गेलेला विश्वास जाहीर निवेदनाने परत येत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता. तो आपण नीट गिरवला नाही.

कायदे आले

भोपाळच्या आधी आपल्याकडे कायदेच नव्हते असे नाही. १९४८ चा कारखाने कायदा होता, १९६८ चा कीटकनाशक कायदा होता, १९७४ चा जलप्रदूषण आणि १९८१ चा वायुप्रदूषण कायदा होता. महाराष्ट्र तर या बाबतीत पुढेच होता. राज्याने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापले. केंद्राचे मंडळ त्यानंतर चार वर्षांनी आले. पण हे सारे कायदे धुराड्यातून आणि गटारातून रोज बाहेर पडणाऱ्या घाणीचा विचार करत. एका रात्रीत टाकी फुटली तर काय, आणि कारखान्याच्या मागच्या अंगणात साठत जाणाऱ्या पिंपांचे काय, हे दोन प्रश्न कुणाच्याच खात्यावर नव्हते.

भोपाळला वर्ष होते न होते तोच, ४ डिसेंबर १९८५ ला दिल्लीत श्रीराम कंपनीच्या कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. त्या खटल्यात सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पीठाने डिसेंबर १९८६ मध्ये नवेच तत्त्व सांगितले. धोकादायक उद्योग चालवणाऱ्याने अपघात झाल्यावर ‘माझी चूक नव्हती’ असे म्हणून सुटायचे नाही, भरपाईची जबाबदारी पूर्णपणे त्याचीच. इंग्लंडच्या जुन्या नियमातल्या पळवाटा आपल्या न्यायालयाने त्या दिवशी बंद केल्या.

पाठोपाठ कायद्यांची रांगच लागली. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्या मालकाने कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आजूबाजूच्या जनतेला माहिती दिलीच पाहिजे, असे कलम त्यात आले. १९८९ च्या जुलैमध्ये घातक कचऱ्याचे नियम आले, नोव्हेंबरमध्ये घातक रसायने बनवणे, साठवणे आणि आयात करणे यांचे नियम आले. कारखान्याच्या आतला आपत्ती आराखडा मालकाने करायचा आणि कुंपणाबाहेरचा जिल्हा प्रशासनाने, अशी वाटणी झाली. १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा झाला. १९९६ च्या नियमांनी केंद्रापासून स्थानिक पातळीपर्यंत आपत्ती गट नेमायला सांगितले.

बारा वर्षांत एवढे कायदे, ही लहान गोष्ट नव्हे. कागदावर पाहिले तर त्या काळातल्या कितीतरी देशांच्या आपण पुढे होतो. पण कायदा राजपत्रात एका दिवसात छापून होतो. तो राबवणारा माणूस, प्रयोगशाळा, खड्डा आणि भट्टी एका दिवसात तयार होत नाही.

पिंप ठेवायचे कुठे?

१९८९ च्या नियमांनी कारखानदाराला सांगितले, की घातक कचरा उघड्यावर टाकायचा नाही, अधिकृत जागीच न्यायचा. ठीक. पण ती अधिकृत जागा कुठे आहे? उत्तर असे, की देशात ती जवळजवळ कुठेच नव्हती. राज्यांनी जागा शोधायच्या होत्या. त्या शोधण्यात वर्षे गेली. कचरा मात्र थांबत नाही. तो कुंपणाच्या आत साठत राहिला किंवा रात्रीच्या अंधारात ट्रकमधून नाल्यात, ओढ्यात, पडीक रानात जात राहिला.

१९९५ मध्ये एका संशोधन संस्थेने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाने १९९७ मध्ये ज्येष्ठ शास्त्रज्ञ प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली. समितीसमोर आलेले चित्र असे : तेरा हजारांवर कारखाने, वर्षाला सुमारे ४४ लाख टन घातक कचरा आणि त्याची शास्त्रोक्त विल्हेवाट लावण्याची तुटपुंजी सोय. १४ ऑक्टोबर २००३ ला न्यायालयाने सविस्तर आदेश दिले आणि त्यांच्या अंमलबजावणीवर नजर ठेवायला देखरेख समिती बसवली. त्या धाकाने खरी हालचाल झाली.

याच याचिकेत आपल्या न्हावाशेवा बंदराचे नाव आले. वंगणाचे तेल म्हणून आयात झालेल्या १३३ कंटेनरमध्ये प्रत्यक्षात वापरून टाकलेले घातक तेल निघाले. परक्या देशातला घातक कचरा गरीब देशात ओतू नये म्हणून १९८९ मध्ये बासेलचा आंतरराष्ट्रीय करार झाला होता आणि १९९२ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली होती. तरीही कंटेनर आले, कारण कागदावरचे नाव आणि आतला माल एकच आहे की नाही, हे बंदरावर तपासणारी यंत्रणा दुबळी होती. २००५ मध्ये न्यायालयाने ते तेल आयातदारांच्या खर्चाने जाळून नष्ट करायला लावले.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला गुजरातेत अंकलेश्वरला कारखान्यांसाठी सामाईक विल्हेवाट केंद्र उभे राहिले. मग महाराष्ट्रात महापे, तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे अशी केंद्रे झाली. ती बाहेरून पाहिली तर मातीचा मोठा ढिगारा आणि एक धुराडे एवढेच दिसते. पण आत बरेच शास्त्र असते. खड्ड्याच्या तळाशी दाबून बसवलेल्या चिकणमातीचा थर, त्यावर जाड प्लॅस्टिकचे अस्तर, त्याच्यावर झिरपणारे पाणी गोळा करणाऱ्या नळ्या, आणि हे सारे एकदा नव्हे, दोनदा. एक अस्तर फाटले तर दुसरे असावे म्हणून. काही कचरा आधी चुना किंवा सिमेंटमध्ये बांधून मगच पुरायचा. पुरता न येणारा कचरा भट्टीत जाळायचा. दुसऱ्या कप्प्यात साधारण ११०० अंश तापमान हवे आणि वायू तिथे दोन सेकंद तरी राहायला हवा. बाहेर पडताना तो झटकन थंड करायचा, कारण क्लोरीनयुक्त कचऱ्याचा धूर हळूहळू थंड झाला तर त्यात डायॉक्सिनसारखी अतिविषारी द्रव्ये नव्याने तयार होतात. म्हणजे भट्टी चालवणाऱ्याला आत काय टाकतो आहोत, हे काटेकोर माहीत हवे. पुन्हा माहितीच!

कचरा कारखान्यातून निघाल्यावर वाटेत नाहीसा होऊ नये म्हणून ‘मॅनिफेस्ट’ नावाची पावती असते. तिच्या सात प्रती, सात रंगांच्या. पांढरी पाठवणाऱ्याकडून मंडळाला, पिवळी त्याच्याच फायलीत, गुलाबी केंद्राकडे, नारिंगी ट्रकवाल्याकडे, हिरवी केंद्राकडून मंडळाला, निळी केंद्राकडून परत कारखान्याला आणि कचरा दुसऱ्या राज्यात गेला असेल तर करडी त्या पाठवणाऱ्या राज्याच्या मंडळाला. पांढरी आली आणि हिरवी आली नाही, तर ट्रक मध्येच कुठेतरी रिता झाला असे समजायचे. किती साधी युक्ती! पण ती चालते कधी? मंडळात बसून पांढरी आणि हिरवी जुळवून पाहणारे माणूस असेल तेव्हाच. नाही तर ते नुसते कागदी घोडे, रंगीत असले तरी.

एका थर्मामीटरची गोष्ट

याच काळातली तमिळनाडूतल्या कोडाईकॅनालची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथे अमेरिकेतून हलवून आणलेला थर्मामीटरचा कारखाना होता. मार्च २००१ मध्ये भंगारवाल्याच्या अंगणात पारा लागलेल्या फुटक्या काचांचा ढीग लोकांनी दाखवून दिला. कारखाना बंद झाला. पण पाऱ्याच्या कचऱ्याचे करायचे काय? त्यावर प्रक्रिया करण्याची योग्य सोय तेव्हा देशात नव्हती. शेवटी २००३ मध्ये सुमारे २९० टन कचरा जहाजाने अमेरिकेला रवाना झाला. लोकांच्या चिकाटीचा तो मोठाच विजय होता. पण दुसऱ्याच्या भट्टीवर अवलंबून असणे ही कायमची वाट होऊ शकत नाही, हेही त्यातून दिसले.

नागपूर, हॅम्बुर्ग आणि पुन्हा पीथमपूर

आता परत भोपाळकडे वळू. कारखान्याच्या आवारात विखुरलेला कचरा न्यायालयाच्या आदेशाने २००५ मध्ये गोळा करून गोदामात ठेवला. त्याचे पुढे काय करायचे, यावर देशभर फिरणे झाले. आधी अंकलेश्वर ठरले. विरोध झाला आणि गुजरातने नकार दिला. २०११ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने नागपूरजवळच्या बोरखेडीच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत तो जाळावा असे सांगितले. विदर्भात विरोध उठला, महाराष्ट्र सरकारनेही ठाम नकार दिला आणि प्रकरण नागपूर खंडपीठात जाऊन अडले. २०१२ मध्ये जर्मनीतल्या संस्थेमार्फत तो विमानाने हॅम्बुर्गला न्यायचे ठरले. तिथल्या लोकांनाही तो नको होता. संस्थेने अंग काढून घेतले. ऑगस्ट २०१५ मध्ये पीथमपूरला दहा टन कचरा चाचणी म्हणून जाळला गेला. मग पुन्हा नऊ वर्षे शांतता. डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत दिली, तेव्हा कुठे ते बारा कंटेनर निघाले.

इथे कुणी म्हणेल, की लोकांचा आडमुठेपणाच आड आला. प्रत्येकाला कारखाना हवा, कचरा मात्र दुसऱ्याच्या दारात. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. पण बोरखेडीच्या किंवा पीथमपूरच्या माणसाच्या जागी क्षणभर उभे राहून पाहा. ‘भोपाळचे विष तुमच्या गावात येते आहे’ एवढेच त्याच्या कानावर येते. त्यात नेमके काय आहे, ते कसे जाळणार, धूर कोण मोजणार, मोजलेले आकडे मला कधी दिसणार, हे त्याला कुणी घरी येऊन सांगितलेले नसते. १९८४ मध्ये भोपाळच्या वस्तीला आत काय आहे ते सांगितले नव्हते. चाळीस वर्षांनी पीथमपूरच्या वस्तीलाही पुरेसे सांगितले नाही. जानेवारी २०२५ मध्ये तिथे आंदोलन पेटले, दोघांनी अंगावर ज्वालाग्राही द्रव ओतून पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर न्यायालयाने लोकांमधली भीती दूर करायला वेळ दिला. फेब्रुवारी-मार्चमध्ये तीस टनांच्या चाचण्या झाल्या, उत्सर्जनाचे आकडे मांडले गेले आणि जूनअखेर सारा कचरा जळून संपला.

संपला म्हणजे रूप बदलून राहिला. जाळताना चुना वगैरे मिसळावा लागतो, त्यामुळे राख आणि अवशेष मिळून आठशे टनांहून अधिक उरले. ते कुठे पुरायचे, हा वाद पुन्हा न्यायालयात गेला. आणि गोदामातला कचरा हा तर हिमनगाचे टोक. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेसह केलेल्या पाहणीत कारखान्याच्या परिसरातली सुमारे अकरा लाख टन माती दूषित असल्याचा अंदाज २०१० मध्ये मांडला होता. अशा दूषित जागा शोधायच्या कशा, साफ कुणी करायच्या आणि खर्च कुणी द्यायचा, याचे देशव्यापी नियम आले जुलै २०२५ मध्ये. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, ते असे.

आपल्या दाराशी

मग या चाळीस वर्षांत काहीच झाले नाही का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. आज देशात सामाईक केंद्रे आहेत, तपासणीच्या प्रयोगशाळा आहेत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. त्याचे जवान रासायनिक गळतीचे शिक्षण घेतात. महाराष्ट्रात औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांनी एकमेकांच्या मदतीला धावण्यासाठी ‘मार्ग’ नावाचे गट बांधले आहेत. पण जुलै २०१० मध्ये मुंबईत शिवडीच्या बंदर आवारात वर्षानुवर्षे बेवारस पडलेल्या गंजक्या सिलिंडरमधून क्लोरीन बाहेर आला आणि शंभराच्या आसपास माणसे रुग्णालयात गेली. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ च्या मे महिन्यात मोठा स्फोट झाला आणि २०२४ च्या मे महिन्यात पुन्हा झाला. विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे स्टायरिनचा वायू झोपलेल्या वस्तीत शिरला, बारा जण गेले. लोक त्याही पहाटे दिशा न कळता धावत होते.

राष्ट्राची क्षमता असा मोठा शब्द आपण वापरतो, तेव्हा डोळ्यांपुढे यंत्रे आणि इमारती येतात. त्या हव्यातच. पण क्षमतेची सुरुवात होते ती कुंपणाच्या आत काय आहे, हे कुंपणाबाहेरच्या माणसाला सांगण्यापासून. ज्या गावाला रोजचे आकडे दिसतात, वर्षातून एकदा भोंगा वाजवून सराव करून घेतला जातो, ते गाव संकटातही नीट वागते आणि कचऱ्याच्या केंद्रालाही उगाच घाबरत नाही. ज्याच्यापासून सारे लपवले, तो माणूस पहिल्या प्रसंगात जिवाला मुकतो आणि पुढच्या प्रत्येक प्रसंगात रस्ता अडवून उभा राहतो. त्याला दोष देता येत नाही.

हा हक्क आपल्याला १९८७ पासून कायद्याने आहे. आपल्या गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीत कोणती रसायने साठवली जातात, भोंगा वाजला तर कोणत्या दिशेने जायचे, स्थानिक आपत्ती गटात कोण कोण आहे, हे प्रांताधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारता येते. विचारायला पैसे पडत नाहीत. त्या रात्री भोपाळमध्ये हे प्रश्न विचारायचे असतात, हेही कुणाला ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)